मागच्या खोलीचा रेडिएटर

१४ नोव्हेंबर १९९६, पाचगणी

रताळी आधी राखेत पुरायची आणि मग वर निखारा ओढायचा. उलटं केलं की साल जळते आणि आत कच्चं राहतं. हे मला तेव्हा आमचा बंब पेटवणाऱ्या बनाबाईनं शिकवलं. साठ सालचा हिवाळा होता. तिला सहावा महिना होता, मला तिसरा. मोठ्या बंबाच्या तोंडाशी बसून आम्ही दोघी रताळी खात होतो, हातांची बोटं काळी झाली होती, आणि तिचा आण्णा, सहा-सात वर्षांचा, कोळशानं भिंतीवर बैल काढत होता. बस, एवढंच. त्या दुपारी काही घडलं नाही. तरी आज सकाळपासून तीच दुपार डोळ्यांपुढे आहे.

कारण बंब पेटवायचा ठरला आहे. सप्टेंबरात ह्यांना न्युमोनिया झाला, तेव्हापासून छाती पूर्ण साफ झालेली नाही. आज डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. डिसेंबरच्या आत खोली उबदार ठेवायची सोय करा, नाहीतर त्यांना खाली सांगलीला मुलाकडे, उदयसिंहाकडे न्या. इथली थंडी ते काढू शकणार नाहीत. विजेचा हीटर लावून पाहिला, पण दिवसातून दोनदा वीज जाते आणि असते तेव्हाही इतकी मंद की दिव्याची तार नुसती लाल होते. ह्यांचं म्हणणं, मला विश्रामबागेतल्या फ्लॅटात न्यायचं तर पोत्यात घालून न्या, शुद्धीत मी येणार नाही. सत्तरीचा माणूस. या खिडकीतून दिसणारं कृष्णेचं खोरं सोडून त्यांना कुठे मरायचं नाही, आणि मला त्यांनी इतक्यात मरायला नको आहे.

हा बंगला माझ्या सासऱ्यांनी एका इंग्रजाकडून घेतला. त्याला छातीचा आजार होता. त्यानं तळघरात कोळशाचा बंब बसवून घरभर पाण्याचे पाइप फिरवले आणि खोल्याखोल्यांत ओतीव लोखंडाचे रेडिएटर लावले. एकूण नऊ. बनाबाई त्यांना फासळ्या म्हणायची. हे फौजेतून निवृत्त होऊन इथे आलो तेव्हापासून आम्ही ते कधी पेटवलेच नाहीत. उदयसिंहानं फोनवर सांगितलं की कुपवाडचा एक माणूस पाठवतो, साखर कारखान्यात अठरा वर्षं बॉयलरवर होता, आता स्वतःचं वर्कशॉप आहे.

१७ नोव्हेंबर

ते लोक आले. प्रशांत म्हणून चाळिशीचा गृहस्थ, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. बरोबर बिराप्पा, जतकडचा, कानडी हेल काढून बोलणारा, हत्तीसारखा माणूस. टेंपोत पाने, पाइप, वेल्डिंगचं सामान.

प्रशांत पुढच्या दारानं आलाच नाही. सरळ मागे गेला आणि तळघराच्या दारात, मी चौकट बुटकी आहे म्हणून सांगणार तोवर, मान वाकवून आत शिरलासुद्धा. अनुभवी कारागिरांचं असंच असतं.

चार वाजता बंब पेटला. पस्तीस वर्षांनी घरात तो वास आला, तापलेल्या लोखंडाचा आणि धुळीचा. मला रडू आलं. पण पहिल्या तीन खोल्यांतले रेडिएटर तापले आणि पुढचे सहा थंडगार. त्यांतच आमच्या खोलीतला.

प्रशांत प्रत्येकाला वर आणि खाली पालथा हात लावून बघत होता, पोराचा ताप बघावा तसा. मला समजावून सांगितलं त्यानं. वरून गार असेल तर आत हवा कोंडलेली असते. खालून गार असेल तर गाळ बसलेला असतो. हवा काढायला बाजूला एक चौकोनी मळसूत्र असतं. त्याची किल्ली हरवलेली, तर त्यानं जागच्या जागी कानशीनं घासून नवी केली. फिरवली की आधी फुस्स करून हवा, मग थुंकल्यासारखं पाणी. सगळ्यांची हवा काढली. तरी सहा गारच.

ह्यांनी पलंगावरून विचारलं, "काय मेजर, नऊ जवानांपैकी सहा आजारी?"

"आजारी न्हाईत साहेब," प्रशांत म्हणाला. "त्यांच्यापत्तूर रसदच पोचत न्हाई."

हे खूप हसले, आणि हसता हसता खोकले.

मग त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, लाइनीत कवा फेरफार केलाय का? एकादा पाइप काढला, दुसरीकडं वळवला, असं काई?"

मी नाही म्हणाले. त्या क्षणी आठवलं नाही.

कुपवाड इथून लांब, त्यांना राहणं भाग आहे. दोघांची सोय बंबाला लागून असलेल्या मागच्या खोलीत केली. आता तिथे सरपण असतं, ते एका बाजूला लावून घेतलं. दोन घोंगड्या दिल्या.

१९ नोव्हेंबर

काल आणि आज गाळ काढण्यात गेले. बिराप्पानं एकेक रेडिएटर खांद्यावर घालून अंगणात आणला आणि पाण्याच्या नळीनं धुतला. आतून शाईसारखा काळा चिखल निघाला. मी पायरीवर बसून ही वही लिहीत होते, तर म्हणतो, "अक्का, दौत कोरडी पडली तर ह्यातली घ्या. लय वर्साची मुरलेली हाय."

परत बसवले, परत पेटवला. सहा गारच.

प्रशांतनं विचारलं की इंग्रज साहेबाच्या वेळचा पाइपांचा नकाशा आहे का. त्या लोकांना कागद करून ठेवायची सवय, म्हणाला. मी म्हणाले, शोधते.

नकाशा माझ्या ट्रंकेत आहे. कापडावर काढलेला, निळ्या शाईचा. शोधायची गरज नाही. पण तो दाखवला की अमुक पाइप होता तो कुठे गेला, का गेला, असे जुने प्रश्न निघतात. काहीतरी काटकसरीसाठी केलेला फेरफार, त्याचं एवढं काय? तो हुशार माणूस आहे, शोधून काढेल.

२२ नोव्हेंबर

आज त्यानं मला मागच्या खोलीत बोलावलं. सरपण हलवून भिंत मोकळी केली होती. खाली चार भोकं, दोन पाइपांची तोंडं लाकडी खुंट्या मारून बंद केलेली, आणि चुन्यावर उभ्या रेघांचा फिका ठसा.

"हितं एक रेडिएटर हुता," प्रशांत म्हणाला.

मी म्हणाले, हो, एकसष्ट साली काढला. कोळसा वाचावा म्हणून.

बिराप्पा खोली न्याहाळत होता. तीन ढांगा लांब, दोन ढांगा रुंद. "हितला वाचवून लय डोंगर साठला आसंल न्हाई कोळशाचा, अक्का?"

प्रशांत त्याला म्हणाला, "गप रं."

मग त्यानं विचारलं की देवघरातला रेडिएटर इथलाच का. त्याचे पाय इतरांपेक्षा आखूड आहेत आणि पांढऱ्या रंगाखाली हिरवा रंग आहे, त्यावरून त्याला वाटलं. मी हो म्हणाले. तिकडे पाइप कसा नेला? मी म्हणाले, मिस्त्रीनं नेला, मला त्यातलं कळत नाही. तो देवघरापाशी येऊन भिंत बोटांनी ठोकत फिरला.

"भिंतीत गाडलाय. पण कुठनं चढलाय न् कुठं उतरलाय ते दिसत न्हाई. अंदाजानं कुणाच्या देवाची भिंत मी फोडत न्हाई मॅडम. नकाशा घावतोय का बघा, जुनी वाट कळली तर नवी कुठं वळली ते काढता ईल."

दुसऱ्यांदा नकाशा म्हणाला. मी ट्रंक उघडून कडी परत लावली.

बनाबाई त्या खोलीत राहायची. नवरा कोयनेच्या धरणावर कामाला, महिन्यातून एकदा यायचा. ती पहाटे बंब पेटवायची, राख काढायची, कोळसा ओढायची. मी तिच्याशी कधी मालकिणीसारखी वागले नाही. मिशनच्या शाळेत नन्सच्या हाताखाली वाढलेली मुलगी मी, माझ्या मनात तसलं काही नव्हतंच. आणि बासष्टच्या जानेवारीत एका सकाळी ती निघून गेली. ना निरोप, ना कारण. पायरीवर तळघराची किल्ली ठेवलेली आणि बंब गार. इतकं केलं तिच्यासाठी, जाताना तोंड दाखवलं नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल.

तिच्या जागी ज्ञानू आला, मेढ्याकडचा. त्याच्या हातून रेडिएटर कधी नीट तापलेच नाहीत. पुढचे सहा तेव्हाही गार असायचे. आळशी म्हणून मी त्याला महिन्याभरात काढून टाकलं.

हे लिहिताना हात थांबला. तेव्हाही पुढचे सहाच गार असायचे.

२५ नोव्हेंबर

ह्यांना ताप. परवा दिवसभर वीज नव्हती, खोलीत हातपाय गोठत होते. छातीत घरघर आहे. डॉक्टर येऊन गेले. रविवारपर्यंत घर तापलं नाही तर ते स्वतः गाडी बोलावून सांगलीला पाठवणार आहेत. ह्यांनी ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आज एकही विनोद नाही.

कोळसा वाचवायला नव्हतं केलं ते. लिहून टाकते. सासूबाई यायच्या होत्या, संक्रांतीला, नातवाला बघायला. सोवळ्याओवळ्याच्या फार कडक. त्यांना चाललं नसतं. रेडिएटरमधलं पाणी घरभर फिरतं. बनाबाईच्या खोलीतून जाऊन तेच पाणी देवघराशेजारून, त्यांच्या खोलीतून जाणार. त्या पिढीची माणसं. सुनेनं काय करायचं होतं?

हे तेव्हा गोव्याच्या मोहिमेवर होते. त्यांना मी कधी सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर, सकाळ

कालचंही खरं नाही.

सासूबाई काही म्हणाल्याच नव्हत्या. त्यांचं पत्र आलं होतं, त्यात एवढंच की देव कुठे मांडलेत, गारठ्यात मला तिथं बसवेल का. जुन्या बाई त्या, खेड्यातल्या. पाइपातलं पाणी कुठून कुठे जातं हे त्यांना कुठून माहीत असणार? जन्मात कळलं नसतं.

मला माहीत होतं. शाळेत सिस्टरनी काचेच्या चौकोनी नळीत पाणी भरून, त्यात जांभळा खडा टाकून, खालून मेणबत्ती धरून दाखवलं होतं. जांभळा रंग हळूहळू वर चढला, पलीकडे उतरला आणि फिरून जिथून निघाला तिथे आला. बघा मुलींनो, तेच पाणी. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या ज्ञानाचा आयुष्यात मी एकदाच उपयोग केला. कुणी न सांगता, कुणी न विचारता, मिस्त्रीला बोलावलं. बनाबाईच्या खोलीतला रेडिएटर काढून देवघरात लावला आणि परतीचा पाइप त्या खोलीत न नेता देवघराच्या दारावरून वळवला. बनाबाईला म्हणाले, कोळशाची टंचाई आहे. ती म्हणाली, बरं.

तिची आम्रपाली नऊ महिन्यांची होती. माझा उदयसिंह सहा महिन्यांचा. त्याचा पाळणा मी देवघराच्या भिंतीला लावला, म्हणजे त्याला जास्त ऊब लागेल.

ह्यांना रात्रभर धाप होती. आणि नकाशा माझ्या ट्रंकेत. आठ दिवस. स्वतःच्या नवऱ्याचा श्वास मी आठ दिवस ट्रंकेत ठेवून कडी लावली.

त्याच दिवशी, दुपार

नकाशा घेऊन तळघरात गेले. प्रशांत बंबाची राख काढत होता. मी कापड त्याच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. कोळशाचं खोटं, सासूबाईंचं खोटं, आणि सिस्टरची काचेची नळी. बिराप्पा उठून बाहेर गेला.

प्रशांतनं चष्मा काढून पुसला. मग नकाशा पसरला आणि आधी कामाचंच बोलला.

"हे बघा. गरम पाणी हलकं, आपसूक वर जातं. गार झालं की जड, खाली येतं. पंप न्हाई ह्या सिस्टीमला. परतीचा पाइप हितनं, मागच्या खोलीतनं, उतरत उतरत बंबात यायचा. तुमी तो दारावरनं नेला. गार पाणी वर चढत न्हाई मॅडम. पयले थोडे दिस चाललं आसंल, मग वरच्या वळणात हवा कोंडली न् पुढचं सगळं बंद."

"मग ज्ञानूचा काही दोष नव्हता," मी म्हणाले.

"कोण ज्ञानू?"

मी सांगितलं. तो नकाशाची घडी करता करता म्हणाला, "मला आण्णा म्हनायचे हितं. ह्या भिंतीवर बैल काढायचो मी."

मी कोळशाच्या पाटीवर बसले.

"तुला पहिल्या दिवशीच..."

"चौकटीतच. उदयसिंह साहेबांनी पत्ता दिला तवाच खरं तर. येऊ का नको झालं हुतं. आई म्हनली, आजारी मानूस हाय, जा."

"मग बोलला का नाहीस?"

"मी सात वर्साचा हुतो. फासळी गेली एवढंच ठावं. का गेली ते तुमालाच ठावं हुतं. मी इचारून काय उपेग? दोनदा नकाशा मागितला की."

मी विचारलं, बनाबाई आहे? तो म्हणाला, आहे, ठणठणीत आहे. आम्रपाली? कोरेगावला हायस्कुलात शिकवते.

आणि या माणसाला मी नऊ दिवस त्याच खोलीत, त्याच फरशीवर झोपवलं, दोन घोंगड्यांवर.

२९ नोव्हेंबर

परवा देव हलवून देवघराची भिंत फोडली. वळण बरोबर दारावर सापडलं. ते कापून काढलं आणि जुन्या वाटेनं, मागच्या खोलीतून, नवा पाइप उतरता घातला. काल संध्याकाळी प्रशांत म्हणाला, नुसता पाइप पुरे आहे, घर तापेल. तिथे रेडिएटर परत बसवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते. मी लगेच उत्तर दिलं नाही. देवघर आता गार पडेल, हा विचार आधी आला. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग म्हणाले, बसवा. त्यानं मान हलवली. माझा तो थोडा वेळ त्यानं मोजला असणार.

आज सकाळी अकरा वाजता आमच्या खोलीतला रेडिएटर वरपासून खालपर्यंत तापला. प्रशांतनं प्रत्येकाची झडप थोडी थोडी फिरवून सगळ्यांना सारखा वाटा मिळेल असं केलं. बंबाजवळच्यांनी जास्त ओढायचं नाही, म्हणाला. ह्यांनी पांघरूण बाजूला केलं, हात लांब करून लोखंडावर ठेवला आणि तसाच ठेवला. संध्याकाळी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, आता इथेच राहू द्या.

मग मी ह्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मी परत आल्यावर विचारलं होतं, बना कुठे गेली. तू म्हणालीस, त्या लोकांना उपकाराची जाण नसते."

मी असं म्हणाले होते. हे तर या वहीतही लिहायचं राहिलं होतं.

३ डिसेंबर

चार दिवस हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. औषध दे. खिडकी लाव. प्रशांत आणि बिराप्पा परवा गेले. जायच्या आदल्या दुपारी ह्यांनी बिराप्पाला हाक मारून स्वतःची खुर्ची मागच्या खोलीत न्यायला लावली आणि दोन तास तिथे त्या दोघांबरोबर पत्ते खेळत बसले. मी चहा घेऊन गेले तर बिराप्पानं कप घेतला, म्हणाला, "बसा की अक्का, डाव मोडतोय न्हवं." ह्यांनी वर पाहिलं नाही. मी बसले नाही.

९ डिसेंबर

काल उदयसिंहाकडे सांगलीला म्हणून गेले आणि तिथून कुपवाडला. वर्कशॉपच्या मागे प्रशांतचं दोन मजली घर आहे. बनाबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. परवाच दादरहून, चैत्यभूमीवरून आलेली, उभं राहून पाय सुजलेले. केस पांढरे झालेत. मला बघून उठायला लागली, मी नको म्हणाले, तरी उठली.

"या वैनीसाब. हितं खुर्चीवर बसा."

सुनेनं चहा आणला, त्यांच्या रोजच्या कपांत. मी एक पातळ नेलं होतं. तिनं पिशवीत बघितलं आणि पिशवी माझ्या पायाशी परत ठेवली. माझ्याकडं लय हायती म्हणाली, रागानं नाही.

मला बोलायला कुठून सुरुवात करावी कळेना. मी त्या रताळ्यांच्या दुपारपासून केली. आपण दोघी शेजारी बसून खायचो, आठवतं का. ती हसली.

"तुमी बसायचा पाटीवर. मी हुबी ऱ्हायची. रताळं वरनं टाकायची तुमच्या ताटलीत. हात न लागता."

मला तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला आठवतो. पण ती सांगते तेच खरं असणार.

मग मी बाकीचं सांगितलं. ती ऐकत होती, मध्ये मध्ये व्हय म्हणत होती, जणू मी तिच्या शेतातला बांध दाखवते आहे.

"पाण्याचं कारन आसंल आसं मला तवाच वाटलेलं. कोळसा तर आंगनात ढीगभर पडला हुता. मीच वडायची न्हवं." मग म्हणाली, "फासळीचं मला काय न्हाई वाटलं. गरिबाला थंडी नवी नसती. मी दिवे लागायच्या वक्ताला तुमच्या मागच्या दाराला आले हुते, त्ये लागलं."

"कधी?"

"जायच्या आदी दोन दिस. पोरीला ताप हुता, छाती भरलेली. बंबापाशी निजायचं न्हाई, धुरानं मानूस मरतंय, आसा तुमच्या साहेबांचा नेम. म्हनून म्हनलं, वैनीसाब, दोन रात्री पोरीला तरी आत घ्या, मी भाईर बसते. तुमी म्हनला, बना, पाव्हनं जाऊ दे. परवा बघू."

मला हे आठवत नाही. रात्री अंथरुणावर पडून मी ती संध्याकाळ शोधली. पातळाचा रंग, तिळाच्या वड्या, सासूबाईंची काठी, सगळं आठवतं. दारात उभी असलेली बनाबाई आठवत नाही. मी ते कुठे ठेवलं असेल?

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं ती पोरीला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात गेली. पोर जगली. कानातून पू येत राहिला आणि डावा कान गेला.

मी तिचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागे घेतले. "आवं, आसलं नगा करू. सून बघतिया." मग म्हणाली, "मला काय नगं तुमच्याकडनं. पोर इचारती, आपन पाचगनी का सोडली. मी सांगितलं, कंटाळा आला. माझ्या तोंडानं तिला सांगायचं न्हाई मला. तिचा कान गेलाय. तिला तुमी सांगा."

मी म्हणाले, सांगेन.

१५ डिसेंबर

आम्रपाली आज आली. प्रशांतला झडपा बघायला यायचं होतं, त्याच्याबरोबर. पस्तीस वर्षांची, उंच, सुती साडी, डाव्या कानात यंत्र. बोलताना मान जराशी वळवून उजवी बाजू पुढे करते. जन्मले ते घर बघायचं होतं, म्हणाली.

सगळं बघितलं तिनं. ह्यांच्याशी तास-दीड तास बोलत बसली. हे तिला त्यांच्या कवायतीच्या गोष्टी सांगत होते आणि मुद्दाम मोठ्यानं बोलत होते. मागच्या खोलीत तिनं रेडिएटरवर दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणाली, "आई किती नशीबवान. इथं अशी ऊब होती."

प्रशांत दारात होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर गेला, मला जागा करून द्यावी तसा.

मी तोंड उघडलं. ती मान वळवून, उजवा कान माझ्याकडे करून, थांबली. किती प्रेमानं थांबली होती. आणि मी म्हणाले, तुझी आई फार कष्टाळू होती हो.

मग तिला माझी काश्मिरी शाल दिली. तिनं नको नको म्हणत घेतली आणि वाकून नमस्कार केला. मी तो घेतला. खाली वाकलेल्या त्या मुलीच्या डोक्यावर मी हात ठेवला.

ती गेल्यावर हे म्हणाले, "सांगितलंस?" मी नाही म्हणाले. त्यांनी तोंड फिरवलं नाही, उलट माझा हात धरला, आणि ते मला जास्त लागलं.

१६ डिसेंबर

तोंडानं मला जमणार नाही. पुन्हा समोर आली तर मी पुन्हा काहीतरी गोड बोलेन. आयुष्यभर मला तेच जमलं आहे. म्हणून हे लिहून ठेवते.

उदयसिंहाला: आम्ही दोघं इथेच राहणार. घर आणि कोरेगावची जमीन तुझीच आहे, त्याची लिखापढी झालेली आहे. तुझा पाळणा कुठल्या भिंतीला होता ते तुझे वडील तुला सांगतील. त्यांनी नाही सांगितलं तर विचार.

मेढ्याच्या ज्ञानूला, तो नसला तर त्याच्या मुलाबाळांना: आज लिहिलेलं पत्र पोस्टात टाकलं आहे. दोष पाइपात होता, त्याच्या हातात नव्हता, आणि पाइप मी फिरवला होता, एवढंच त्यात आहे. पत्ता चुकला असेल तर प्रशांतनं मेढ्याच्या बाजारात चौकशी करावी.

मागची खोली: प्रशांत, बिराप्पा किंवा त्यांच्या घरचं कुणीही कामाला येईल त्याला. सरपण आता अंगणात राहील. येणाऱ्याला मागावी लागू नये म्हणून तिथे खाट आणि गादी आजच टाकून घेतली आहे.

बनाबाईला: काही नाही. तिला काही नको आहे.

ही वही आम्रपालीला. पहिल्या पानापासून, कोळशाच्या आणि सासूबाईंच्या खोट्यासकट, एकही पान न काढता. वाचून ठेवावी की जाळावी, मला भेटावं की नाही, शाल परत पाठवावी की नाही, तिनं ठरवावं. प्रशांत उद्या सकाळी शेवटची तपासणी करून कोरेगावमार्गे जाणार आहे. वर्तमानपत्रात बांधून, वर तिचं नाव लिहून, मी ती त्याच्या हातात देणार आहे. माझ्या मागे नव्हे. उद्याच.